मान नथीचा

१

यशराज चौगुलेचा खून झाला, त्या दिवशी त्याची बायको टीव्हीवर चमच्यात लिंबू धरून पळत होती. हे अख्ख्या कोल्हापूरनं पाहिलं. मीही पाहिलं, कारण टीव्हीवरचे खेळ बघणं हा माझा निवृत्तीनंतरचा धंदा आहे, आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही.

मी संयोगिता मोहिते. पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागले, फौजदार होऊन बाहेर पडले. पेठेत मला सगळे आक्का म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगा पुण्यात. घरात मी आणि टीव्ही, आणि दोघांत जास्त बडबड माझीच.

'मान नथीचा' हा आमच्या इथल्या केबल वाहिनीचा खेळ. मोठ्या वाहिन्यांचं बघून काढलेला, पण आमच्या लोकांना त्यांच्याहून प्यारा, कारण यात ओळखीच्या बायका दिसतात. गाडी एखाद्या पेठेत येते, तालमीपुढं मांडव पडतो, गल्लीतल्या बायका खेळतात. पहिली फेरी उखाण्याची. मग लिंबू-चमचा, मग चार प्रश्न, आणि शेवटी नवऱ्याला फोन. बायकोबद्दलचा एक प्रश्न त्याला विचारायचा. तिनं पाटीवर आधी लिहिलेलं उत्तर आणि त्याचं उत्तर जुळलं की गुण. जी जिंकेल तिला तिथंच, सगळ्यांदेखत, नथ घालायची. सगळं थेट प्रक्षेपण, कापाकापी नाही.

त्या दिवशी गाडी आमच्या मागच्या गल्लीत आलेली. चैत्रातलं हळदीकुंकू, जोतिबाची यात्रा नुकतीच झालेली, आणि ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. म्हणून मी घरीच बसून बघितलं. जिंकली वर्षाराणी, मसाला कुटायचा डंक चालवणाऱ्या चौगुल्यांची थोरली सून. फोनवर तिचा नवरा बोलला तेव्हा मांडव चाट पडला. कारण याच यशराजनं आठवडाभर आधी 'माझ्या बायकोला टीव्हीवर नाचवायची न्हाई' म्हणत खेळ चालवणाऱ्या राजवर्धनची गचांडी धरली होती.

"तुमच्या मिसेस रागावल्या की काय करतात?" राजवर्धननं विचारलं.

"काय करत न्हाई. घासलेली भांडी परत घासत बसतीया," फोनमधून आवाज आला.

पाटीवर तेच लिहिलेलं. लोक पोट धरून हसले. मीही हसले, मेली मी.

खेळ आटोपला, बायका घराकडं वळल्या, आणि चौगुल्यांच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमधून शेजारचा पिराजी ओरडत बाहेर आला. त्याचे दोन्ही हात रक्तानं माखलेले होते. आत डंकाशेजारी यशराज पडला होता. डोकं फुटलेलं, बाजूला लोखंडी पाना.

दोनच दिवसांपूर्वी पिराजी चारचौघांत यशराजला म्हणाला होता, "एक दिवस ह्याच डंकात घालून कुटीन तुला." डंकाची मिरचीपूड वाऱ्यानं त्याच्या घरात जायची आणि त्याच्या लेकीला, अनुजाला, धाप लागायची. भांडण जुनंच होतं. पोलिसांना आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अनुजा माझ्या दारात उभी राहिली. नर्सिंगला शिकणारी पोर, आई लहानपणीच गेलेली. ती रडत नव्हती. दाराची चौकट धरून ती म्हणाली, "आक्का, माझ्या बापानं माणूस मारला न्हाई. पण ते उद्या त्याला कळंब्याच्या जेलात नेणार हायत. तुमी काय करणार हाय का न्हाई, एवढंच सांगा."

२

पिराजीला मी कोठडीत भेटले. माझ्या हाताखाली शिकलेला जिनेंद्र मगदूम आता तिथं इन्स्पेक्टर आहे. पोरगा हुशार, सभ्य, आणि कामाच्या ओझ्याखाली दबलेला. त्यानं मला खुर्ची दिली आणि हात जोडले.

"मॅडम, हे सरळ प्रकरण आहे. कालच्या दिवशी गल्लीतली चिटपाखरंसुद्धा मांडवात होती. खेळ संपत आला तेव्हा यशराज फोनवर बोलला, म्हणजे तोवर जिवंत. माणसं घरी परतली तेव्हा मेलेला. मधल्या वेळात त्या शेडमध्ये पिराजीशिवाय कोण होतं?"

"डॉक्टर काय म्हणतो?"

"पत्र्याची भट्टी आणि बाहेर चैत्र. तो म्हणतो, दुपारपासून संध्याकाळपर्यंत केव्हाही. पण फोन आहे ना! फोननं वेळ पक्की केली."

पिराजी गूळ बाजारात टेम्पो चालवतो. दिवसभर तो मार्केट यार्डात होता, शंभर जणांनी पाहिलेला. घरी आला तो खेळ संपता संपता. म्हणजे यशराज दुपारी मेला असता, तर पिराजीकडं कुणी बोट दाखवलं नसतं. पिराजीचं सगळं नशीब त्या एका फोनवर लटकलं होतं.

"आत कशाला गेलास, शहाण्या?" मी त्याला फटकारलं.

"शेडाचं दार उघडं दिसलं ओ. म्हटलं, डंक बंद हाय तवरच शांतपणे बोलावं. तर पोत्यांमागं पाय दिसलं." त्यानं हात पुढं केले, जणू रक्त अजून दिसत होतं. "त्याच्या तोंडावर पोतं पांघरलेलं हुतं, आक्का. मी ते वडलं, त्याला हलवला. रक्त घट्ट झालतं. गुळाच्या काकवीवानी हाताला चिकटलं."

मगदूम म्हणाला, उन्हात रक्त लवकर आळतं. असेल. पण तोंडावरचं पोतं माझ्या डोक्यातून जाईना. रागानं माणूस मारणारा पळतो. मेलेल्याचं तोंड झाकायला थांबतं ते त्याचं आपलं माणूस.

तिथून मी तडक चौगुल्यांच्या घरी गेले. सोप्यात जाजम टाकलेलं, बायका बसलेल्या. मधोमध यशराजची आई, बायडाबाई. हाडापेरानं मजबूत म्हातारी, नवऱ्यामागं डंक चालवून दोन पोरं वाढवलेली. तिचे डोळे कोरडे होते, पण असे कोरडे डोळे मी नोकरीत बरेच पाहिलेत, ते दुःखाचेच असतात.

"बायडाक्का, यशराजनं फोन उचलला कसा? त्याचा तर खेळाला विरोध होता."

"मी समजावला त्येला. म्हटलं, बाईमाणसाची हौस हाय, एक डाव खेळू दे. आईचा शबुद ऐकला पोरानं. जन्मात पैल्यांदाच ऐकला."

"बायकोची माहिती मात्र चांगली होती त्याला. भांड्यांचं उत्तर बरोबर दिलं."

म्हातारीनं पदर सारखा केला. मग बाजूची एक शेजारीण डोळ्याला पदर लावत पटकन बोलून गेली, "तेच म्हनायलोय आमी! एरवी बायकू जेवली का उपाशी झोपली, त्येलाबी ठावं नसायचं. मरायच्या दिवशीच कशी बाई आठवण झाली."

बायडाबाईनं त्या बाईकडं असं पाहिलं की तिचं रडणं जागच्या जागी थांबलं.

३

वर्षाराणी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. पंचविशीची असेल नसेल. डाव्या कानाखाली जुना, पिवळा पडलेला वळ मला दिसला. विचारायची गरज नव्हती. गल्लीला सगळं माहीत होतं आणि गल्लीनं कधी काही केलं नव्हतं. त्या गल्लीत मीही आले.

कोनाड्यात नथीची मखमली डबी होती. मोती चमकत होते, तार सरळ, बोटही न लागलेलं.

"घातली नाहीस?"

"नाक दुखत हुतं," ती म्हणाली. एवढंच. बाकी माझ्या प्रत्येक प्रश्नाला तिनं मान हलवली, कधी हो, कधी नाही, आणि नजर दाराकडं, जिथून सासूचा आवाज येत होता.

तिचा दीर सम्राट मला परसात भेटला. यशराजहून दोन-तीन वर्षांनी धाकटा, लग्न व्हायचंय. चेहरा सुजलेला, दाढी वाढलेली. उकिडवा बसून तो डंकाचा पट्टा उगाचच ओढून बघत होता. मला बघून तो उठला. "या आक्का, बसा की," म्हणाला. टीव्हीतून आलेला यशराजचा आवाज माझ्या कानात अजून ताजा होता. तसाच घोगरा आवाज, शेवटचा शब्द लांबवायची तीच लकब.

"काल कुठं होतास रे?"

"जयसिंगपूरला. मिरचीचा सौदा बघायला. सकाळी गेलतो, ते हे कळल्यावर आलो."

"भावाचं आणि तुझं पटायचं?"

"भाऊ हुता त्यो," सम्राट म्हणाला. "पटायचं न पटायचं कशाला बघत्यात?" आणि त्याचा आवाज फुटला. तो आत निघून गेला.

मी बाहेर येऊन मगदूमला फोन केला. म्हटलं, जयसिंगपूरच्या अडत्याकडं एक माणूस धाड, सम्राट तिथं नेमका केव्हा उगवला ते विचार. मगदूम कुरकुरला, पण धाडला.

मग मी राजवर्धनला गाठलं. वाहिनीचं ऑफिस एका जिन्याखालच्या खोलीत. भिंतीवर त्याचे फेटा बांधलेले फोटो. बाहेर टीव्हीवर सोन्यासारखा हसणारा हा माणूस आत चहाच्या कपाकडं बघत बसला होता.

"आक्का, मला वाटतं मीच मारला त्याला. मी तिला खेळात घेतली नसती तर..."

"गप बस. तू काही पाना उचलला नव्हतास. मला कालचं सगळं परत दाखव."

तो संगणक चालू करेपर्यंत आमच्या गप्पा निघाल्या. मी त्याला सांगितलं, आमच्या लहानपणी पेठेत एकच टीव्ही होता, तालमीत. शाळेच्या पोरांची प्रश्नमंजूषा लागली की पैलवानसुद्धा लाल मातीनं माखलेलं अंग घेऊन दारात उभे राहायचे. टीव्हीतल्या पोराच्या आधी उत्तर दिलं की अख्खी तालीम आपल्याकडं वळून बघायची. मग गाण्याच्या भेंड्या आल्या. मग तो कोटीवाला खेळ आला. तो लागला की रस्त्यावर कुत्रं नसायचं, आणि दुसऱ्या दिवशी भाजीवालीसुद्धा विचारायची, 'हेच उत्तर? पक्कं?' आधी स्टीलचे डबे मिळायचे, मग मिक्सर, मग गाडी. खेळ बदलले, बघणारा बदलला नाही.

"कारण लोक बक्षिसासाठी बघतच न्हाईत," राजवर्धन म्हणाला. "आपल्यासारखंच कुणीतरी तिथं उभं असतं आणि त्याला नावानं हाक मारत्यात, म्हणून बघत्यात. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बायकांना घरात 'अगं ए' सोडून दुसरी हाक नसती. मी माईकवर त्यांचं नाव घेतलं की काही जणी तिथंच रडत्यात. ही वर्षाराणी तर वर्षभर माझ्या मागं लागलेली. पण काल तिला हाक मारली, तर अंगात जीव नसल्यावानी आली."

"का? घाबरली होती?"

"ती? गल्लीतल्या लग्नात उखाण्याला पहिलं बोलावणं तिलाच असतंय. माझ्याकडं नाव नोंदवताना म्हणाली, असा घेतो बघा की मांडव डोक्यावर घेतील." त्यानं कळ दाबली. "आणि काल बघा काय केलं ते."

४

पडद्यावर मांडव दिसला. पहिली फेरी, उखाण्याची. बायका एकेक करून पुढं येत होत्या, लाजत, खिदळत, नवऱ्याचं नाव घेत होत्या. वर्षाराणी आली. हिरवी साडी, केसात गजरा. राजवर्धननं माईक तिच्या तोंडाशी धरला.

ती हसली. तिचं तोंड उघडलं. आणि तसंच राहिलं.

"घे की गं! लाजतीस व्हय!" मागून बायका ओरडल्या.

"मला न्हाई जमायचं. दुसरीला घ्या," वर्षाराणी म्हणाली आणि बाजूला झाली. कॅमेरा पुढच्या रांगेवर फिरला. तिथं बायडाबाई बसली होती. सगळ्या बायका 'घे, घे' म्हणत टाळ्या वाजवत होत्या. ती एकटी मांडीवरच्या हातांकडं बघत होती.

काल घरी बसून हे मी बघितलं होतं आणि मला वाटलं होतं, लाजली पोर. किती मूर्ख मी! खात्यात एवढी वर्षं घातली आणि टीव्हीसमोर बसल्यावर माझा मेंदू शेंगा फोडत बसतो.

"पुढं ने. नथ दाखव."

खेळ संपला होता. राजवर्धन नथ हातात घेऊन पुढं आला, एक सवाष्ण ती घालायला सरसावली. वर्षाराणीनं दोन्ही हात पुढं करून डबी मागितली. नाकाला हात लावू दिला नाही.

माझे मिस्टर गेले त्यानंतर वर्षानं भाचीचं लग्न होतं. नव्या नवरीनं उखाणा घेतला, मग करवल्यांनी घेतला, आणि कुणीतरी नवखी बाई मला म्हणाली, 'आता तुमचा येऊ द्या.' तिला माहीत नव्हतं. दोन ओळी मला पाठ होत्या, हजार वेळा म्हटलेल्या. जीभ उचलेना. देवाधर्माचं मला फारसं काही नाही, पण त्या नावाच्या जागी घशात एक धोंडा होता. तो काय असतो ते ज्याचं त्याला कळतं.

तोच धोंडा मला त्या पडद्यावर, त्या हिरव्या साडीतल्या पोरीच्या तोंडात दिसला.

"राजवर्धन," मी विचारलं, "उखाण्याची फेरी आधी की फोनची?"

"उखाण्याची पहिली. फोनची अगदी शेवटी. का ओ आक्का?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. मगदूम होता, आणि त्याच्या आवाजातली सगळी कुरकुर गेली होती.

"मॅडम, सम्राट सकाळी जयसिंगपूरला गेलाच नव्हता. तो तिथं पोचला दिवस मावळताना."

५

चौगुल्यांच्या सोप्यातल्या बायकांना मी घरी पाठवलं. आत राहिलो मी, मगदूम, दाराशी अनुजा, आणि घरातली ती तिघं. अनुजाला मी मुद्दाम आणलं होतं. बायडाबाईनं तिच्या तोंडाकडं बघून खोटं बोलून दाखवावं, अशी माझी इच्छा होती.

मी उभ्यानंच सुरुवात केली.

"सगळं त्या फोनवर उभं आहे. फोनवर यशराज बोलला, म्हणून तो संध्याकाळपर्यंत जिवंत, म्हणून पिराजी खुनी. ठीक. पण वर्षाराणीनं उखाणा नाकारला तो फोनच्या आधी. उखाण्यात जिचा हात कुणी धरत नाही, जी वर्षभर या दिवसाची वाट बघत होती, तिनं दोन ओळी म्हटल्या नाहीत. आणि जिंकलेली नथ नाकात घालू दिली नाही. आपल्याकडं नवऱ्याचं नाव घ्यायला आणि नथ घालायला कुठली बाई मागं सरते, हे मी सांगायला पाहिजे काय?"

अनुजाच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"खेळ सुरू झाला तेव्हाच तिला ठाऊक होतं की आपला नवरा मेलाय. मग शेवटी फोनवर बोलला तो कोण? यशराज नव्हे. ज्याला बायको जेवली का नाही ते कळत नव्हतं, त्याला ती रागात भांडी घासते हे कुठून कळणार? ते त्याला माहीत, जो रोज स्वयंपाकघराच्या दारात बसून बघत होता आणि ज्याला त्याचं वाईट वाटत होतं. ज्याचा आवाज भावासारखा आहे. जो जयसिंगपूरला म्हणून निघाला, पण मावळतीपर्यंत पोचला नाही. घरातच बसून यशराजचा फोन उचलायचा होता त्याला."

सम्राटनं डोकं गुडघ्यात घातलं. मला वाटलं तो बोलेल. बोलली बायडाबाई.

"त्येनं काय केलं न्हाई. मी मारला."

"बायडाक्का, पोरावर तुमचा हात उठायचा नाही. आणि पोराचं डोकं फुटल्यावर तुम्ही तोंड झाकायला थांबला नसता, त्याला उराशी धरलं असतं."

म्हातारीचा चेहरा तेव्हा जो पडला, तो मी विसरणार नाही.

"मीच मारला," सम्राट गुडघ्यातूनच म्हणाला. "दुपारी. वैनीनं साडी नेसली म्हणून त्यानं तिला केसाला धरून शेडात वडत नेली. मी मधी पडलो. तरी थांबंना. डंकाचा दांडा उचलला त्यानं. माझ्या हाताला पाना लागला. एकदाच मारला ओ. एकदाच."

"मग पोलिसात का नाही आलास? वाचवायला गेलास हे ऐकलं असतं कुणीतरी."

"मी न्हाई येऊ दिला," बायडाबाई म्हणाली. आता ती सरळ माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या आवाजात लाज नव्हती. "एक पोरगं पुढ्यात मरून पडल्यालं. दुसरं फासावर धाडू? आईच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? मी हिला उठीवली, तोंड धुतलं, केसं विंचरली, गजरा घातला. म्हटलं, जा, खेळ. हास. फोन सम्राट उचलील. मग घरला येऊन मी हंबरडा फोडीन, चोर आला म्हनीन."

"आणि पिराजी?"

अनुजा पुढं आली. एवढा वेळ तिनं धरून ठेवलेलं सगळं तिच्या आवाजात होतं.

"आज्जी, माझी आई गेली तवा तुमी मला तुमच्या ताटात जेवायला घातलंय. माझ्या बापाला धरून नेला तवा तुमी उंबऱ्यात उभ्या हुता. तोंड उघडलं न्हाई?"

"उघडणार हुतो," बायडाबाई पुटपुटली. "पण मग वाटलं, देवानंच धाडला त्येला. माझं पोरगं तरी वाचंल."

एवढं ऐकल्यावर अनुजा भिंतीला धरून खाली बसली. मगदूमनं टोपी डोक्यावर ठेवली आणि बाहेरच्या शिपायांना हाक मारली.

६

सम्राटला नेलं. बायडाबाईलाही नेलं, पायरी उतरताना तिनं मागं वळून डंकाच्या शेडाकडं पाहिलं. वर्षाराणीसाठी बाई शिपाई यायची होती, म्हणून तिच्याजवळ मी थांबले.

तिनं कोनाड्यातली डबी माझ्या हातात दिली. "ही त्यास्नी परत द्या. राजवर्धन दादास्नी."

"एक विचारू? दोनच ओळी होत्या, पोरी. म्हटल्या असत्यास तर मला काही कळलं नसतं. कुणालाच कळलं नसतं. पिराजी सडला असता आणि तुम्ही तिघं सुटला असता."

"सासूबाईंनी पण तेच सांगितलं हुतं. उखाणा घे, न्हाईतर संशय येईल. मी घेणारच हुतो." ती बोटानं जाजमाची दशी उसवत होती. "माझं नाव पुकारलं त्यांनी. 'वर्षाराणी चौगुले!' सगळी टाळ्या वाजवत हुती. जन्मात कुणी मला असं बोलावलं न्हवतं, आक्का. आणि मी नुकतंच मालकांच्या तोंडावर पोतं टाकून आलतो. ते जिवंत असते तर घेतला असता की. रोजच खोटं हसत हुतो, त्यात आणि एक. पण मेलेल्या माणसाचं नाव घेऊन खोटं न्हाई बोलवलं."

"काय होता उखाणा?"

तिनं दशी सोडली. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला, पाठ केलेलं म्हणून दाखवणाऱ्या.

"डंकावर कुटली मिरची, झाली लाल लाल..."

पुढची ओळ नावानं सुरू होत होती. ती थांबली. परत तोंड उघडलं, आणि पडद्यावर पाहिलं होतं तसंच ते उघडं राहिलं. मग बऱ्याच वेळानं, नाव गाळून, ती एवढंच म्हणाली, "...घरात हाय मी खुशाल."

मी तिचं डोकं धरून माझ्या छातीशी घेतलं. पोलीस होते मी, असलं काही करायचं नसतं. केलं.

पिराजी दुसऱ्या दिवशी घरी आला. अनुजा पेढे घेऊन आली होती, पण आम्हा दोघींनाही एकेक पेढा संपवता आला नाही. चौगुल्यांचा डंक बंद आहे. गल्लीत आता मिरचीचा खकाणा येत नाही, आणि तिला धाप लागत नाही.

'मान नथीचा' अजून चालू आहे. राजवर्धन आता दुसऱ्या पेठांतून फिरतो, बायका खेळतात, नावं पुकारली जातात, लोक बघतात. मीही बघते, खोटं कशाला बोलू. फक्त उखाण्याची फेरी आली की मी टीव्हीचा आवाज बंद करते.